नासवलेलं दूध

११ मार्च १९८६, मंगळवार

शनिवारी मी इथे लिहिलं आहे, ‘दोन लिटर दूध नासलं.’ ते चूक आहे. दूध नासलं नाही. मी नासवलं. कडेला बुडबुडे आल्यावर गॅस बंद केला, लिंबाचा रस चमच्या-चमच्याने घातला आणि ढवळत उभी राहिले. आईला मात्र सांगितलं, उकाड्याने नासलं. मग तेच वहीतही उतरवलं. वही कोणी वाचत नाही. म्हणजे मी कोणाशी खोटं बोलले?

बाबा असते तर पकडलं असतं. माझी छाती लहानपणी नाजूक होती, म्हणून नवव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं. बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी तेच शिकवायचे, पाटीवर. मी ‘कप फुटला’ असं लिहिलं की म्हणायचे, “कपाने स्वतः उडी मारली काय गो? कर्ता कोण?” मी रडकुंडीला येऊन लिहायची, ‘सुलक्षणाने कप फोडला.’ मग ते पाटी पुसून टाकायचे. लिहिलं की संपलं.

खोटं बोलायचं कारण: वनमालावहिनीला चौथा महिना आहे. घरात पोटुशी बाई असताना दूध मुद्दाम नासवायचं नाही, असं आई मानते. आपोआप नासलं तर चालतं. माझा त्यावर विश्वास आहे की नाही, मला ठरवता येत नाही. विश्वास नसता तर खोटं बोलले नसते, असं वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

पदार्थ लिहिलाच नाही, नुसता अपराध लिहिला.

घाटकोपरच्या महिला मंडळात कुंदाताई बेकिंगचा वर्ग घेतात, सोमवारी आणि गुरुवारी. त्या हे एका इटालियन सिस्टरकडून शिकल्या. मूळ नाव रिकोटा. वर्गातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘रिकामटा’ केलं. शांताबाई म्हणाल्या, “आमचे हे खातील आवडीने, दोघे एकाच जातीचे.” कुंदाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “खरा रिकोटा निवळीपासून करतात, आपण दुधापासूनच करतोय. तेव्हा कोणी इटालियन भेटला तर गप्प बसा.”

फुटलेलं दूध मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगायचं. पाणी निथळलं की घोटायचं, हाताला रवाळ लागेनासं होईपर्यंत. साखर, दोन अंडी, चमचाभर रवा, किसलेली लिंबाची साल, जायफळ. वहिनीला लग्नात आलेला गोल ओव्हन सात वर्षं खोक्यातच होता, तो मी काढला. झाकणाच्या काचेतून बघत बसले. आधी काहीच होत नाही. मग कड वर येते, मधला भाग दह्यासारखा हलत राहतो. हलतोय तोवर बंद करायचा आणि झाकण न उघडता आतच थंड होऊ द्यायचा. घाई केली की मधोमध भेग पडते. माझ्या पहिल्याला पडली.

चव खरवसाच्या जवळची, पण खालून करपल्यासारखी, ती चांगली. दादाने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, “झकास. दूध रोज नासू दे.” मी मान वर केली नाही. वहिनीने कड मागितली, काळपट झालेली. वहिनीच्या पोरींनी, चिंगीने आणि ठमीने, मधलं खाल्लं आणि वहिनीने त्यांच्या ताटल्यांतल्याही कडा उचलल्या. आई म्हणाली, “नासलेल्याचं एवढं होतं तर होऊ दे.”

कुंदाताईंना मी भेगेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हात बरा आहे, जूनपासून मदतनीस म्हणून ये, नवीन बायकांना दूध फोडायला शिकव. मी हो म्हटलं. घरी अजून सांगितलेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

दादा वहिनीला घेऊन दवाखान्यात गेला होता. पोटातलं पाणी सुईने काढून तपासतात. बाळ निरोगी आहे की नाही ते कळतं म्हणे. चिंगीच्या किंवा ठमीच्या वेळी असलं काही केलं नव्हतं. दादा आता किती काळजी घेतो! वहिनी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रिपोर्टला तीन आठवडे लागतील.

४ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट आला. दादा तो घेऊन आला आणि जेवला नाही. शर्टही बदलला नाही. गॅलरीत उभा राहिला. आईला विचारलं, “बाळ बरं आहे ना?”

“बरंच आहे,” आई म्हणाली. “त्याला काय धाड भरलीय.”

“मग दादा असा का?”

“कामावरचं असेल. तू पोरींना जेवायला वाढ.”

बाळ बरं आहे. देवापुढे साखर ठेवली. आईने बघितलं.

७ एप्रिल, सोमवार

दादा आणि वहिनी सकाळीच परत दवाखान्यात गेले. वहिनीने पिशवीत गाऊन, टॉवेल आणि जुनी धुतलेली लुगडी भरली. एवढं कशाला, विचारलं, तर म्हणाली, “वेळ लागला तर असू दे.” निघताना ठमीने पदर धरला, तो तिने सोडवला, पण बोटं एकेक करून.

गुरुवारी वर्गात सगळ्यांपुढे करून दाखवायचं आहे, म्हणून सराव हवा होता. दूध होतं. घाबरत घाबरत आईला विचारलं. मार्चमधलं खोटंही त्याच वेळी सांगून टाकलं, की ते नासलं नव्हतं, नासवलं होतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. आई तांदूळ धूत होती. हात न थांबवता म्हणाली, “कर. काय करायचं ते कर.”

केला. भेग पडली नाही.

९ एप्रिल, बुधवार

बाळ गेलं.

दादा सोमवारी संध्याकाळी एकटा आला आणि वहिनीला आज आणलं. ती पांढरी पडली आहे. मी जवळ गेले तर तिने हाताने दूर व्हायला सांगितलं.

आई गॅलरीत सखुबाईंना सांगत होती. सखुबाई शेजारच्या खोलीत राहतात. त्यांना सांगितलं म्हणजे सगळ्या बिल्डिंगला सांगितल्यासारखंच. “आमच्या सुलूने दूध नासवलं. एकदा नाही, दोनदा. लिंबू पिळून, मुद्दाम. मी नको म्हणत होते.”

सखुबाई म्हणाल्या, “ठेवताना नाव तरी बघून ठेवायचं. म्हणे सुलक्षणा.”

आई ‘कर’ म्हणाली होती, असं मला आठवतं. सोमवारचं पान काढून पाहिलं, तिथेही तसंच आहे. पण मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं असेल. नळ चालू होता.

एक गोष्ट कळत नाही. सखुबाईंच्या बोलण्यावरून कळलं, आई त्यांच्याशी पहिल्यांदा हे बोलली ती सोमवारी दुपारी. तेव्हा दादा घरी आला नव्हता. आपल्याकडे फोन नाही. आईला आधी कसं कळलं? कदाचित आयांना कळत असेल.

२१ एप्रिल, सोमवार

आजपासून सोमवार धरले. वहिनीची कूस पुन्हा भरेपर्यंत. मीठ नाही, एकदाच फळं. ओव्हन खोक्यात घालून माळ्यावर टाकला. उरलेला जिन्नस टाकून दिला. फक्त मलमलचं फडकं राहिलं, ते टाकवेना, पण त्याने आता फरशी पुसते.

जिन्यात सखुबाई भेटल्या. वर त्यांची सून बाळंतीण आहे, मी दूध घेऊन चालले होते. “झाकून ने गो बाय,” म्हणाल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी झाकलंच होतं. तरी पदराने पुन्हा झाकलं.

५ जून, गुरुवार

कुंदाताई घरी आल्या. “मदतनीस म्हणून नाव लिहिलंय तुझं. आलीच नाहीस. आजारी होतीस?”

मी खरं ते सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

“चौथ्या महिन्यात तपासणी, पाचव्यात गेलं. आणि तू म्हणतेस दुधाने.”

“आई म्हणते.”

“वहिनी काय म्हणते?”

“ती बोलत नाही माझ्याशी.”

“दोन मुली आहेत ना तिला?” मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आई त्यांना म्हणाली, “ताई, तुम्ही एकट्या बाईमाणूस, तुमच्या घरात चालतं. आमचं लेकरांचं घर आहे.” कुंदाताई विधवा आहेत, मूलबाळ नाही. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि गेल्या. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

मुलींचं त्यांनी मध्येच का काढलं, कळलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

वहिनीला दिवस गेलेत. दुसरा महिना संपत आला. मी देवापुढे इतकी रडले की चिंगी घाबरली. सोमवार फळाला आले. पण आता सोडायचे नाहीत असं ठरवलं, बाळ हातात येईपर्यंत. आई म्हणाली, “ह्यावेळी दुधाच्या भांड्याला हात लावशील तर बघ.” दूध आता आईच तापवते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हे जसं झालं तसं लिहिते. माझं मत घालत नाही.

दुपारी मी आणि वहिनी तांदूळ निवडत होतो. आई पोरींना घेऊन खाली गेली होती. वहिनी कणकवलीची. एरवी आमच्यासारखं बोलते, चिडली की गावचं बोलते.

“आज परत उपास?”

“सोमवार आहे ना.”

“तोंड बघ आरशात. गालफडं बसली. कोणासाठी करतेस गो एवढं?”

“गेलेल्या बाळासाठी. आणि हे नीट व्हावं म्हणून.”

तिने सूप खाली ठेवलं. आपटलंच. तांदूळ उडाले.

“बंद कर ता. बघवत नाय माका.”

“माझ्यामुळेच ना वहिनी—”

“दूध नाय नि बीध नाय. पडला नाय ता. पाडला.”

मी म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे काय म्हणजे? शिकलेली ना तू? मुलगी होती. तिसरी. त्या पाण्यात कळतं.”

मी उडालेले तांदूळ गोळा करायला लागले. काहीतरी करायला हवं होतं. मग विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं.

“तुला सोडून सगळ्यांना.”

“सहा महिने झाले वहिनी. तू मला एकदा तरी—”

“सांगून काय झालं असतं? तू लग्न होऊन जाशील. तुला चार दिवस बोलतील, विसरतील. माझ्यावर आलं असतं तर मी इथेच आहे.” मग सूप उचललं आणि पाखडायला लागली. हळू आवाजात: “नि सगळं ह्यांच्यावर ढकलू नको. मलाही मुलगाच हवा होता. पिशवी मीच भरली.”

पडलं आणि पाडलं. एक काना. सहा महिने मी ह्यातलं पहिलं वाचत होते.

उपास मोडला नाही. सवयीने.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईला विचारलं. विचारायला सहा दिवस लागले.

आई चिडेल असं वाटलं होतं. ती मटार सोलत राहिली. “मग बिल्डिंगला काय सांगायचं होतं मी? पाचव्या महिन्याचं पोट सगळ्यांनी बघितलेलं. काहीतरी सांगायला लागतंच.”

“पण माझं नाव.”

“तू घरातली. परक्याच्या पोरीचं नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं.” आणि मग, “खोटं काय बोलले मी? दूध नासवलंस हे खरं ना? तूच येऊन सांगितलंस मला. मी विचारलंसुद्धा नव्हतं.”

ते खरं आहे.

“नको म्हणत होते, हे खोटं होतं,” मी म्हटलं.

“हां. तेवढं होतं,” आई म्हणाली आणि मटारची टोपली माझ्याकडे सरकवली. मी सोलले.

दादाला मी काही विचारलं नाही. तो मला लहानपणी खांद्यावर घेऊन दवाखान्यात न्यायचा. विचारलं आणि त्याने उत्तर दिलं तर, ह्याची भीती वाटते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

जेवले. मीठ घालून. बाबा गेल्यावर तेराव्याला जेवले होते, तसं वाटलं.

दुपारी वहिनीने स्वयंपाकघरात येऊन, मान वळवून विचारलं, “तो रिकामटा तुला अजून येतो का गो?” मी येतो म्हटलं. “काळी कड खावीशी वाटते. सकाळपासून तेच डोक्यात.” डोहाळ्याला नाही म्हणू नये. पण दुधाला हात लावायचा नाही, असंही आईने सांगितलेलं आहे. मी मंडळात गेले. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. कुंदाताईंनी दोन लिटर दूध पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “लिंबं टोपलीत आहेत.”

दूध फुटताना मनात देवाचं नाव घेतलं. सगळं कळल्यावरही घेतलं. ज्यात काही नाही असं माहीत आहे, त्याची भीती जात नाही. हे मला स्वतःबद्दल आवडलं नाही.

कडा कापून डब्यात घालून आणल्या. वहिनीने मोरीत उभं राहून, नळ सोडून खाल्ल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. दादाने फराळ करताना सांगितलं, तपासणीची तारीख मिळाली. सोमवार, चोवीस तारीख.

आई म्हणाली, “चोरओटी त्याच्यानंतरच भरू. उगाच घाई कशाला.”

चोरओटी म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरातल्या घरात, गाजावाजा न करता पोटुशीची ओटी भरतात ती. चिंगीच्या आणि ठमीच्या वेळी तिसऱ्यातच भरली होती. एप्रिलमध्ये गेली तिची भरलीच नव्हती. हे आज लक्षात आलं. ओटी भरून मग परत घेता येत नाही, म्हणून आई थांबते.

वहिनी ताटात लाडू कुस्करत बसली होती. खाल्ला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वहिनीशी बोलले. कणकवलीला जा म्हटलं, मी पोहोचवते. “आणि तिथे काय सांगू? माझा भाऊ दुसऱ्या दिवशीच्या एस्टीत बसवून देईल.” डॉक्टरला नाही म्हण, म्हटलं. “तू म्हण,” ती म्हणाली. “तुझं लग्न झालं की म्हण.”

“ह्यावेळी मुलगा असेल तर?” मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

“तर ओटी भरतील.”

“आणि तुला काय हवंय?”

ती ठमीच्या वेण्या घालत होती, त्या पूर्ण केल्या, रिबिनी बांधल्या, तिला खेळायला पाठवली. मग म्हणाली, “ते परत नको. काहीही असू दे. ते परत नको.”

१६ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस विचार केला. इथे लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ओटी परत घेता येत नाही. मग ती आधीच भरायची. आणि चोरून नाही. बिल्डिंगमधल्या बायकांनी ओटीत नारळ घातला, तांदूळ घातले, की त्या बाळाचे साक्षीदार झाल्या. त्यानंतर पाचव्या महिन्यात ते नाहीसं झालं तर सखुबाई विचारणारच, आणि आता दूध आईच तापवते. ह्याने तपासणी थांबेल असं मी म्हणत नाही. दादा तरीही नेऊ शकतो. पण गुपचूप नेता येणार नाही, आणि आमच्या घरात जे गुपचूप करता येत नाही ते सहसा होत नाही.

मी कुमारिका, मला ओटी भरता येत नाही. कुंदाताई विधवा. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “मी आले तर तुझ्या बायका उठून जातील. खण आणि नारळ मी देते, तू घेऊन जा.” शांताबाईंनी यायचं कबूल केलं. पण त्या वर्गातल्या, आमच्या बिल्डिंगच्या नाहीत. बिल्डिंगमधून सखुबाई आल्या तर सगळ्या येतील. सखुबाई आल्या नाहीत तर कोणी येणार नाही. आणि सखुबाई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

एप्रिलचं त्यांना सांगितलं तर त्या लगेच माझ्याशी नीट वागतील. माझ्यावरचा डाग जाईल. काल दिवसभर मी ते वाक्य मनात जुळवत होते, नीट, कर्ता-कर्म जागच्या जागी. पण ते वाक्य बोललं की त्या वहिनीकडे वळून बघतील. पिशवी तिनेही भरली होती. मग तिची ओटी कोण भरेल? म्हणून सांगायचं नाही. मी दूध नासवणारी ती नासवणारीच राहीन, आणि तशीच त्यांच्या दारात जाऊन हात जोडीन, की माझ्या हातून घडलं ते घडलं, ह्या बाळाला तुमचा आशीर्वाद द्या. त्यांना माझा कमीपणा आवडेल. त्या येतील. लिहिताना तोंड कडू झालंय, पण त्या येतील असं वाटतं.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “मला काही माहीत नाही हां. मी झोपलेली असेन.” आणि मग कपाटातून हिरवं पातळ काढून, झटकून, खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

शुक्रवारी आई भांडुपला मामाकडे जाते, ती दिवेलागणीला परत येते. दादाची पहिली पाळी आहे, पण तो सुटल्यावर युनियनच्या सभेला जाणार आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दुपारी तीन वाजता मी सखुबाईंचं दार वाजवणार आहे.